शंखी गोगलगायीतली लिपिडे: पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले. आमच्याकडेही दुबार पेरणी करावी लागली. पहाटे उठून बादल्या भरभरून गोगलगायी वेचणे हेच घरातल्या सगळ्यांचे काम झाले होते. त्याच वर्षी मला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय हवा होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "बांधावर एवढी सामग्री पडली आहे, तर तिच्यातल्या लिपिडांवरच कर की."

पुस्तकात ऊतकातून लिपिडे, म्हणजे चरबी आणि तिच्या कुळातले घटक, काढायची पद्धत दोन पानांत संपते. माझे मात्र पहिले तीन महिने वाया गेले, कारण त्या दोन पानांत गोगलगाय कुठेच नव्हती. मेंदू होता, मासा होता, तेलबिया होत्या. गोगलगायीचा चिकट स्राव, पोटातला पाला आणि पाचक ग्रंथीतली विकरे (एन्झाइम) यांचे काय करायचे, हे कोणी लिहिलेले नव्हते. ते इथे लिहिते आहे.

१. आपण काय शोधतो आहोत ते आधी पक्के करा

"गोगलगायीची चरबी" म्हटले की डोळ्यांसमोर तुपासारखा साठा येतो. तसे काही तिच्यात नसते. तिचा ऊर्जेचा मुख्य साठा कर्बोदकांचा असतो. अंगात ग्लायकोजेन असते आणि अंड्यांसाठी अल्ब्युमिन ग्रंथीत गॅलॅक्टोजेन. पायाच्या मांसात लिपिडे ओल्या वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपासच असतात, आणि त्यातला मोठा वाटा पेशीपटलांचा, म्हणजे फॉस्फोलिपिडे आणि कोलेस्टेरॉल यांचा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठ्याची चरबी, बघायची असेल तर पाचक ग्रंथीकडे जा.

समुद्रातल्या शिंपल्या-कालवांवरचे लेख वाचून तुलना करायला बसाल तर गोंधळ उडेल. तिथे शेवाळातून आलेली ओमेगा-३ मेदाम्ले (फॅटी ॲसिड), म्हणजे ईपीए आणि डीएचए, भरपूर असतात. जमिनीवरच्या गोगलगायीत लिनोलेइक आणि ॲराकिडोनिक ही ओमेगा-६ कुळातली आम्ले पुढे असतात आणि डीएचए जवळजवळ नसते. आपल्या निकालात डीएचए दिसले नाही म्हणून घाबरू नका. उलट आलेखात त्याचे मोठे शिखर दिसले तर नमुन्यात काय मिसळले ते तपासा.

नावांचीही एक अडचण आहे. आपल्या प्राण्याचे जुने नाव ॲकॅटिना फुलिका, आताचे लिसॅकॅटिना फुलिका. लेख शोधताना दोन्ही नावे टाका, नाहीतर निम्मे हाती लागणार नाहीत. मूळची ही पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये बेन्सन यांनी मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात भेटते ती 'पायला' नावाची गोगलगाय मात्र वेगळी. ती गोड्या पाण्यातली, तिला कल्ला असतो आणि शंखाच्या तोंडावर कायमचे झाकण असते. पायलाची शरीररचना समोर ठेवून शंखी गोगलगाय उघडलीत तर अवयव सापडणार नाहीत.

२. कागद

यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदने बंद करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे "कीड तर आहे, कोण विचारणार" असे म्हणून सुरुवात करू नका. हातात हे असू द्या:

- विभागप्रमुखांची आणि संस्थेच्या संबंधित समितीची लेखी परवानगी. प्राण्यांची संख्या आणि भूल देण्याची पद्धत त्यात लिहिलेली हवी.
- मार्गदर्शकांच्या सहीचा एक पानी आराखडा.
- शेतमालकाची परवानगी. घरचे शेत असले तरी गट नंबर, गाव आणि तारीख वहीत लिहा.
- उपकरण बाहेरच्या केंद्रात वापरायचे असेल तर तिथला अर्ज आणि शुल्काची मंजुरी. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा. आयआयटी मुंबईतल्या सैफसारख्या सामायिक उपकरण-केंद्रांत जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारे उपकरण) असते आणि देशभरातली उपकरणे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात, पण नंबर लागायला वेळ जातो.

३. साहित्य

- क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, हेक्झेन, डायइथाइल ईथर, ॲसेटिक आम्ल. शक्यतो एचपीएलसी दर्जाची, म्हणजे अतिशुद्ध.
- ०.९ टक्के मिठाचे पाणी, निर्जल सोडियम सल्फेट, बीएचटी (हवेने खराब होणे रोखणारे द्रव्य).
- काचेच्या, टेफ्लॉन अस्तराच्या टोपणाच्या नळ्या. काचेचे पाश्चर पिपेट.
- ०.१ मिग्रॅ. पर्यंत वजन दाखवणारा तराजू, सेंट्रिफ्यूज, नायट्रोजनचे सिलिंडर.
- टीएलसीसाठी, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीसाठी, सिलिका जेलच्या प्लेटा, आयोडीनचे स्फटिक, झाकणाची काचेची टाकी.
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, चालू असलेला फ्यूम हूड. पंखा लावलेली खिडकी म्हणजे फ्यूम हूड नव्हे.

या यादीत प्लास्टिक मुद्दाम नाही. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो, पॅराफिल्म विरघळवतो आणि इतर प्लास्टिकमधून थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) ओढून घेतो. ते थॅलेट पुढे जीसीत एखाद्या नव्या मेदाम्लासारखे उभे राहते. क्लोरोफॉर्म सांडला तर हातमोजे लगेच बदला, नायट्राइलमधून तो काही मिनिटांत पार जातो. वापरलेला क्लोरोफॉर्म हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत जमा करा, बेसिनमध्ये ओतू नका.

आता लेबलांचे. माझ्या बारा नळ्यांवर मार्कर पेनने नावे लिहिलेली होती. क्लोरोफॉर्मचा ओला हात नळ्यांवरून फिरला आणि पाच नळ्या कोऱ्या झाल्या. दोन आठवड्यांचे काम ओतून द्यावे लागले. तेव्हापासून मी कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप लावते, आणि काचेवर डायमंड पेनने फक्त क्रमांक कोरते.

४. गोगलगायी कुठून घ्यायच्या

ज्या शेतात मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाचे आमिष टाकले आहे, किंवा बांधावर मीठ-चुना पसरला आहे, तिथल्या घेऊ नका. त्या आधीच आजारी असतात, स्राव सोडून सुकलेल्या असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेले बारदान संध्याकाळी बांधाला टाका आणि पहाटे उचला. त्याखाली धडधाकट गोगलगायी सापडतात.

हातमोजे इथेही हवेतच. या गोगलगायी उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिसच्या, मधल्या यजमान असतात आणि तो कृमी माणसाच्या मेंदूआवरणाला सूज आणू शकतो. घरातली लहान मुले वेचायला मदत करत असतील तर त्यांनाही हात साबणाने धुवायला लावा.

प्रत्येक गोगलगायीचे वजन, शंखाची उंची, शंखाच्या ओठाची जाडी आणि ती कोणत्या झाडावर किंवा कशाखाली सापडली, हे त्याच दिवशी लिहा. ओठ पातळ, सहज मोडणारा असेल तर ती अजून वाढीत आहे. जाड ओठाच्या प्रौढ आणि पातळ ओठाच्या पोरसवदा एका गटात मिसळल्या की आकडे इतके पसरतात की कशाचाच अर्थ लागत नाही. एका गटात निदान सहा घ्या आणि प्रत्येकीचा अर्क वेगळा करा. सगळ्यांचे ऊतक एकत्र वाटलेत तर हातात एकच आकडा राहतो.

५. खाणे आणि झोप: निकाल इथेच ठरतो

सगळ्या लेखातली हीच पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि नवखे लोक हीच गाळतात.

माझा पहिला अर्क हिरवागार निघाला. मला वाटले पाचक ग्रंथीचाच रंग असेल. टीएलसी प्लेटवर हिरवे, पिवळे, नारिंगी असे पट्टे चढले आणि मॅडमनी एका नजरेत सांगितले, "हा पाला आहे." आतड्यातल्या सोयाबीनच्या पानांतले क्लोरोफिल, कॅरोटिन आणि हरितलवकांतली गॅलॅक्टोलिपिडे मी गोगलगायीच्या नावावर मोजत होते. हिरव्या पानात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, म्हणून मेदाम्लांचे प्रमाणही बिघडलेले होते.

म्हणून हे करा. आणल्यावर दोन आठवडे सगळ्यांना एकच खाद्य द्या, काकडी किंवा कोबी, सोबत कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलांचा चुरा. मग ४८ तास खाद्य बंद, फक्त ओलावा. विष्ठा रोज काढून टाका, नाहीतर त्या तीच खातात.

खाद्याने किती फरक पडतो, याचे चांगले उदाहरण अमेरिकेतल्या लाफायेट कॉलेजातल्या बर्नार्ड फ्राइड आणि जोसेफ शर्मा यांच्या कामात सापडते. त्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने वर्षानुवर्षे काम केले. लेट्यूसऐवजी अंड्याचा बलक खाऊ घातलेल्या गोगलगायींत ट्रायग्लिसराइड चढलेले दिसले. प्राणी तोच, खाद्य बदलले की लिपिड बदलले.

दुसरी गोष्ट झोपेची. पाऊस ओसरला की शंखी गोगलगाय शंखात ओढून घेते आणि तोंडावर पांढरट, चुनकट पडदा धरते. हा पडदा तात्पुरता असतो, पायलाच्या झाकणासारखा कायमचा नव्हे. या काळात तिची चयापचयाची गती खूप उतरते आणि पटलांचीही फेररचना होते. युरोपातल्या सेपिया नेमोरॅलिस या गोगलगायीच्या पाचक ग्रंथीत, अशा झोपेच्या काळात मायटोकाँड्रियातले कार्डिओलिपिन नावाचे फॉस्फोलिपिड घटलेले आढळले आहे. त्यामुळे जुलैत वेचलेली आणि जानेवारीत पडदा धरलेली गोगलगाय एका रकान्यात घालू नका. पडदा आहे की नाही, किती दिवसांपासून आहे, हे वहीत हवेच.

६. उघडणे

वरून मीठ टाकून मारू नका. तिला यातना होतात, आणि सगळा स्राव बाहेर येऊन पुढचे काम चिखल होते. फ्रिजमध्ये थंड करून सुस्त करा, मग समितीने मान्य केलेली भूल द्या. आम्ही मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण टोचत होतो. दारूत बुडवणे लिपिडाच्या कामाला चालत नाही, कारण इथेनॉल स्वतःच लिपिडे ओढू लागते.

शंख खालच्या वेटोळ्यापासून हाडे कापायच्या कात्रीने किंवा छोट्या पकडीने तुकड्या-तुकड्याने मोडा. टोकाकडच्या वेटोळ्यांत तपकिरी-हिरवट, मऊ अशी पाचक ग्रंथी दिसेल. तिच्यातच फिकट रंगाची ओव्होटेस्टिस, म्हणजे अंडी आणि शुक्राणू दोन्ही बनवणारी ग्रंथी, रुतलेली असते. भिंगाखाली ती चिमट्याने अलगद सोडवा. दोन्ही एकत्र आल्या तर पुनरुत्पादनाच्या हंगामातले आकडे उगीचच वाढलेले दिसतील. शेजारची मलईच्या रंगाची, फुगीर ग्रंथी अल्ब्युमिन ग्रंथी असते.

अन्नपुटाला, म्हणजे तपकिरी रसाने भरलेल्या पिशवीला, कात्री लागू देऊ नका. तिच्यातला रस विकरांनी भरलेला असतो. फुटलीच तर थंड मिठाच्या पाण्याने लगेच धुवा आणि वहीत तशी खूण करा.

सगळे बर्फावर ठेवलेल्या काचेच्या डिशमध्ये करा. टिपकागदाने पुसा, वजन करा आणि ऊतक थेट मिथेनॉलमध्ये टाका. "आज कापून फ्रीझरमध्ये ठेवू, पुढच्या आठवड्यात अर्क काढू" हा विचार सोडून द्या. उणे २० अंशांवरही लिपिडे तोडणारी लायपेज विकरे सावकाश काम करतच राहतात. मग फॉस्फोलिपिडे तुटतात, मुक्त मेदाम्ले आणि लायसो-फॉस्फोलिपिडे वाढतात. ठेवणे भागच असेल तर उणे ८० अंशांवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये.

७. अर्क

फोल्च, लीस आणि स्लोन स्टॅन्ली यांची १९५७ ची पद्धत मेंदूच्या ऊतकासाठी बसवलेली आहे. ब्लाय आणि डायर यांची १९५९ ची कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये माशाच्या मांसासाठी. ब्लाय-डायरला द्रावके कमी लागतात म्हणून लोक तिकडे वळतात, पण नमुन्यात लिपिड २ टक्क्यांच्या वर गेले की ती कमी आकडा दाखवते. पाय आणि पाचक ग्रंथी यांची तुलना करायची असेल तर दोन्हींना फोल्चच वापरा.

१ ग्रॅम ऊतकाचा हिशेब असा. आधी ७ मिली मिथेनॉलमध्ये बारीक करा, त्याने विकरे थांबतात. पाय चिवट असतो, त्याचे कात्रीने आधी तुकडे करा. मग १३ मिली क्लोरोफॉर्म घाला. म्हणजे २:१ मिश्रण ऊतकाच्या २० पट झाले. क्लोरोफॉर्ममध्ये ०.०१ टक्का बीएचटी आधीच मिसळून ठेवा, नाहीतर ॲराकिडोनिक आम्लासारखी बहुअसंपृक्त आम्ले हवेने खराब होतात. अर्धा तास हलवत ठेवा, फिल्टर करा, चोथा पुन्हा थोड्या मिश्रणाने धुवा.

गाळलेल्या अर्कात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे मिठाचे पाणी घाला. दोन थर पडतील. खालचा क्लोरोफॉर्मचा, त्यात लिपिडे. वरचा मिथेनॉल-पाण्याचा, त्यात क्षार, साखरा वगैरे. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी यांचे शेवटचे प्रमाण ८:४:३ येते. ऊतक जास्त घातलेत तर ऊतकातल्याच पाण्याने थर आधीच फुटतात आणि सगळे प्रमाण चुकते, म्हणून "थोडे जास्त घेऊ" असे करू नका.

गोगलगायीची खरी अडचण इथे येते. दोन थरांच्या मध्ये दह्याच्या सायीसारखा पांढरा, लोंबणारा थर तयार होतो आणि तासभर ठेवला तरी खाली बसत नाही. कारण तिच्या ऊतकात आणि स्रावात प्रथिने आणि लांब साखळीची शर्करायुक्त संयुगे खूप असतात. यातलेच ॲकॅरन सल्फेट हे संयुग १९९६ मध्ये याच गोगलगायीतून वेगळे केले गेले. उपाय तीन. पाणी घालण्याआधी अर्क नीट गाळा. पाणी घातल्यावर नळी जोरजोराने हलवू नका, वीस-पंचवीस वेळा हळुवार उलटी-पालटी करा. आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये २००० ते ३००० आरपीएमवर दहा मिनिटे फिरवा. साय दबून पातळ चकती होते आणि पिपेट तिच्या बाजूने खाली नेता येते. पिपेट वरच्या थरातून जाताना हलकेच हवा सोडत राहा, म्हणजे वरचे पाणी आत शिरत नाही.

दर खेपेला एक नळी ऊतकाशिवाय, फक्त द्रावकांची, सगळ्या पायऱ्यांतून न्या. ही कोरी नळी वेळखाऊ वाटते, पण थॅलेट कुठून आले आणि बीएचटीचे शिखर कोणते, हे तीच सांगते.

८. वजन

खालचा थर निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळा, आधी वजन केलेल्या कुपीत घ्या आणि ४० अंशांच्या आत, नायट्रोजनच्या बारीक झोताखाली वाळवा. १ ग्रॅम पायातून साधारण १० मिग्रॅ. हाती लागेल, त्यामुळे क्लोरोफॉर्मचा उरलेला अंशही आकडा फुगवतो. दोन लागोपाठची वजने सारखी येईपर्यंत थांबा. कुपीला उघड्या बोटांनी हात लावू नका.

वजनाऐवजी सल्फो-फॉस्फो-व्हॅनिलिन या रंगचाचणीने लिपिड मोजणार असाल तर एक ध्यानात ठेवा. तो रंग दुहेरी बंधांमुळे येतो, संपृक्त मेदाम्ले त्यात जवळजवळ दिसत नाहीत. त्यामुळे तुलनेसाठी कोणते प्रमाण-द्रव्य वापरले ते आकड्याशेजारी लिहा.

९. टीएलसी

प्लेट १०० अंशांवर तापवून घ्या, रेघ पेन्सिलीने मारा. उदासीन लिपिडांसाठी हेक्झेन, डायइथाइल ईथर आणि ॲसेटिक आम्ल ८०:२०:१. फॉस्फोलिपिडे जागेवरच राहतात, त्यांच्या वर डायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल, मग मुक्त मेदाम्ले, मग ट्रायग्लिसराइड आणि अगदी वर स्टेरॉल एस्टर. आयोडीनच्या टाकीत ठेवलीत की पिवळे-तपकिरी ठिपके उमटतात. ते उडून जातात, म्हणून लगेच फोटो काढा.

वरच्या टोकाला सगळ्या रांगांत एकसारखा ठिपका दिसला तर तो बोटांचा असू शकतो. आपल्या कातडीवर स्क्वालीन असते आणि ते तिथेच चढते. मुक्त मेदाम्लांचा पट्टा गडद आला तर गोगलगायीला दोष देऊ नका. विच्छेदनाला किती मिनिटे लागली, ते वहीत बघा.

१०. फॉस्फरस मोजताना

फॉस्फरसच्या आकड्याला २५ ने गुणून फॉस्फोलिपिड काढायची रीत आहे. मृदुकायांत (गोगलगायी, शिंपले यांच्या गटात) मात्र सेरामाइड अमिनोइथाइल फॉस्फोनेट नावाचे लिपिड असते. त्यात फॉस्फरस ऑक्सिजनच्या मध्यस्थीशिवाय थेट कार्बनला जोडलेला असतो आणि तो बंध आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. मोजणीआधी आम्लात तापवून लिपिडे तोडतात, त्याला पचन म्हणतात. ते अर्धवट झाले तर हा फॉस्फरस मोजणीत येतच नाही. पर्क्लोरिक आम्लाचे पचन एकट्याने, रात्री, सेंद्रिय द्रावकाचा अंश शिल्लक असताना कधीही करू नका, स्फोट होतो.

११. जीसीचा आलेख वाचताना

मेदाम्ले जीसीत घालण्याआधी त्यांचे मिथाइल एस्टर करतात. ते आम्लयुक्त मिथेनॉलने करा. आंतरिक प्रमाण, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मात्रेत मिसळायचे द्रव्य, म्हणून १७:० (१७ कार्बनांचे, दुहेरी बंध नसलेले मेदाम्ल) वापरायची सवय अनेकांना असते. गोगलगायीत जिवाणूंमुळे विषम कार्बनांची आम्ले मुळातच थोडी असू शकतात, म्हणून १९:० किंवा २३:० बरे.

आलेख आला की सगळे जण ३७ घटकांच्या तयार मिश्रणाशी शिखरे जुळवत बसतात, आणि जुळत नाहीत त्यांना "अज्ञात" म्हणून तळटीप देतात. माझ्या आलेखात अशी चार होती. त्यातली दोन १६ आणि १८ कार्बनांच्या एस्टरांच्या किंचित आधी येत होती. ती प्लाझ्मॅलोजेन या फॉस्फोलिपिडांपासून बनलेली डायमिथाइल ॲसिटल निघाली, म्हणजे मेदाम्ले नव्हतीच. उरलेली दोन २० आणि २२ कार्बनांची होती. मृदुकायांत अशी मेदाम्ले असतात, ज्यांच्या दोन दुहेरी बंधांमधले अंतर नेहमीपेक्षा मोठे असते. तयार मिश्रणात ती नसतात. जीसी-एमएसवर मिथाइल एस्टरचा वस्तुमानपट पाहून बंधांची जागा कळत नाही, त्यासाठी डीएमओएक्ससारखे वेगळे साधित करून पाहावे लागते. केंद्राला नमुना पाठवतानाच हे सांगा. नमुना हेक्झेनमध्ये, नायट्रोजन भरून, टेफ्लॉन टोपणाच्या कुपीत, बर्फाच्या पाकिटांत ठेवून पाठवा. निम्मा अर्क स्वतःकडे उणे ८० अंशांवर राहू द्या, कारण पहिल्या आलेखानंतर दुसरी चाचणी लागतेच.